दान साय: थायलंडच्या एका डोंगरी तालुक्याचा कारभार कोण पाहतो?

थायलंडच्या ईशान्य भागात लोई नावाचा प्रांत आहे. त्याच्या पश्चिमेकडे, प्रांताच्या मुख्य शहरापासून सुमारे ८० किलोमीटरवर, डोंगरांच्या बेचक्यात दान साय हा तालुका वसलेला आहे. मान नावाची लहान नदी त्यातून वाहते, उतारांवर मका आणि रबराची लागवड दिसते, आणि येथील लोकांची बोली बँकॉकच्या थाई भाषेपेक्षा लाओसमधील लुआंग प्रबांगच्या बोलीला अधिक जवळची आहे. परदेशी पर्यटकांना दान साय ठाऊक असतो तो ‘फी ता खोन’ या मुखवट्यांच्या जत्रेमुळे. थायलंडचा ग्रामीण कारभार समजून घेण्यासाठीही हा तालुका फार सोयीचा आहे, कारण गेल्या साडेचारशे वर्षांत येथे आलेल्या कोणत्याही सत्तेने आधीच्या सत्तेला पुरते हटवले नाही. ती तिच्यावर येऊन बसली. परिणामी आज तेथील शेतकऱ्याला लग्नाची नोंद एका कचेरीत करावी लागते, गावातल्या रस्त्याची तक्रार दुसऱ्या कचेरीत न्यावी लागते आणि जत्रेची तारीख तिसऱ्याच माणसाकडून कळते. हे तिघे एकमेकांचे वरिष्ठ नाहीत. ते कोठून आले हे पाहिल्याशिवाय त्यांचे आजचे संबंध उलगडत नाहीत.

या भागाच्या इतिहासातील सर्वांत जुनी ठोस खूण म्हणजे मान नदीकाठचा ‘फ्रा थात सी सोंग राक’ हा स्तूप. त्याचे बांधकाम १५६० मध्ये सुरू झाले आणि १५६३ मध्ये पूर्ण झाले. त्या वेळी ब्रह्मदेशाचा राजा बायिन्नौंग शेजारच्या राज्यांवर एकामागून एक चाल करून जात होता. त्याच्या धास्तीने आयुथयाचा, म्हणजे तेव्हाच्या थाई राज्याचा, राजा महा चक्रफत आणि लान सांगचा, म्हणजे आजच्या लाओसचा, राजा सेत्थाथिरात यांनी मैत्रीचा करार केला आणि त्या कराराची साक्ष म्हणून दोन्ही राज्यांच्या मधल्या प्रदेशात हा स्तूप उभारला. आजही तेथे लाल कपडे घालून किंवा लाल फुले घेऊन आत जाता येत नाही. लाल हा रक्ताचा रंग आणि स्तूप हा सलोख्याचा, असे त्याचे कारण सांगितले जाते. कारभाराच्या दृष्टीने यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की त्या काळी सरहद्द ही रेघ नव्हती. दोन राजांचा प्रभाव जेथे विरळ होत जाई असा तो एक पट्टा होता, आणि दान साय हे त्या पट्ट्यातले नाक्याचे गाव होते.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत सयामचा, म्हणजे जुन्या थायलंडचा, बहुतेक ग्रामीण भाग ‘मुआंग’ नावाच्या लहानमोठ्या ठाण्यांमधून चालत असे. प्रत्येक मुआंगवर स्थानिक घराण्यातला एक प्रमुख असे. त्याला राजधानीकडून पगार मिळत नसे. तो आपल्या मुलखातून वसूल करी, त्यातला ठरलेला भाग वर पाठवी आणि उरलेल्यावर स्वतःचा व आपल्या माणसांचा चरितार्थ चालवी. रयतेकडून सक्तीची सेवाही घेतली जाई. राजधानीच्या दृष्टीने ही पद्धत स्वस्त होती. तिचा धोका मात्र युरोपीय सत्ता दाराशी येऊन उभ्या राहिल्यावर समजला. जेथे आपला एकही पगारी अधिकारी नाही आणि खात्रीचा नकाशाही नाही, तो मुलूख आपला आहे हे सिद्ध करायचे कसे, असा प्रश्न बँकॉकपुढे उभा राहिला.

दान सायला या प्रश्नाची झळ थेट लागली. १८९३ मध्ये फ्रेंचांनी युद्धनौका चाओ फ्राया नदीतून बँकॉकपर्यंत आणल्या आणि मेकाँगच्या डाव्या तीरावरचा प्रदेश सयामला सोडावा लागला. पुढे १९०४ च्या करारांन्वये लुआंग प्रबांगसमोरचा उजव्या तीरावरचा भागही गेला, आणि त्याच वर्षीच्या पुरवणी करारात आग्नेय किनाऱ्यावरील त्रात व उत्तरेकडील दान साय हे दोन्ही प्रदेश फ्रान्सच्या ताब्यात गेले. अवघ्या तीन वर्षांनी, २३ मार्च १९०७ रोजी, नवा तह झाला. सयामने बात्तांबांग, सिएम रीप आणि सिसोफोन हे कंबोडियाकडील मोठे प्रांत फ्रान्सला दिले आणि त्या बदल्यात त्रात, कुत बेटापर्यंतची बेटे आणि दान साय परत मिळवले. एकीकडे अंकोरच्या मंदिरांसह विस्तीर्ण सुपीक मुलूख आणि दुसरीकडे एक किनारपट्टी व डोंगरातला एक कोपरा, असा तो सौदा होता. या सौद्यात सयामला आणखी एक लाभ झाला: फ्रेंच संरक्षणाखाली असलेल्या आशियाई लोकांवर खटले चालवण्याचा अधिकार काही अटींवर त्याच्याकडे येऊ लागला. तो बँकॉकला दान सायइतकाच, किंबहुना अधिक, महत्त्वाचा वाटला असावा. तरीही एका आडबाजूच्या तालुक्याचे नाव आंतरराष्ट्रीय तहाच्या कलमात यावे, ही गोष्ट विरळाच.

ही हानी चालू असतानाच राज्याची आतली बांधणी बदलत होती. राजा चुलालोंगकोर्न याने १८९२ मध्ये आपला सावत्र भाऊ राजपुत्र दामरोंग याच्याकडे गृहखाते सोपवले आणि दामरोंगने ते १९१५ पर्यंत सांभाळले. दोघांनीही शेजारच्या वसाहतींचा कारभार डोळ्यांनी पाहिला होता. चुलालोंगकोर्न अठराव्या वर्षी, १८७२ मध्ये, हिंदुस्थानात येऊन गेला होता आणि कलकत्ता, दिल्ली, आग्रा यांच्याबरोबर त्याने मुंबईही पाहिली होती. दामरोंग युरोपहून परतताना हिंदुस्थान आणि ब्रह्मदेश पाहत आला होता. साहेबाची पद्धत त्यांनी जशीच्या तशी उचलली असे म्हणता येणार नाही, परंतु जिल्हा, तालुका, गाव अशी उतरंड आणि तिच्यात वरून नेमलेला, पगारी, बदलीपात्र अधिकारी ही कल्पना त्यांच्या मनात पक्की होती. मुआंगांचे गट करून ‘मोंथोन’ नावाचे मोठे विभाग पाडले गेले, त्यांवर राजाचे आयुक्त नेमले गेले आणि स्थानिक घराण्यांच्या हातातून वसुली, न्याय व शिपाई हळूहळू काढून घेतले गेले. सगळ्यांनी हे मुकाट्याने मान्य केले नाही. १९०१-०२ मध्ये ईशान्य भागात स्वतःला पुण्यवंत म्हणवणाऱ्यांच्या नेतृत्वाखाली मोठे बंड झाले, आणि ते सैन्य पाठवून चिरडावे लागले. मोंथोन १९३३ मध्ये, राजाची निरंकुश सत्ता संपल्यावर, रद्द झाले. त्यांच्या खालची उतरंड मात्र टिकली.

त्या उतरंडीत सर्वांत वर चांगवात, म्हणजे प्रांत, येतो. त्याखाली आम्फो, म्हणजे आपल्या तालुक्याशी जुळणारा विभाग. त्याखाली तांबोन, म्हणजे काही गावांचा गट. आणि सर्वांत खाली मूबान, म्हणजे गाव. आज बँकॉक वगळता देशात ७६ चांगवात आणि ८७८ आम्फो आहेत. दान साय हा लोई चांगवातातील एक आम्फो असून त्यात दहा तांबोन आहेत. ना हेओ आणि फू रुआ हे शेजारचे आम्फो पूर्वी त्याचेच भाग होते. या रचनेचा पहिला कायदा १८९७ मध्ये झाला आणि १९१४ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. तो १९१४ चा कायदा अनेक दुरुस्त्यांसह आजही लागू आहे. सुमारे दोनशे माणसांचे एक गाव धरावे, वस्ती विरळ असेल तर किमान पाच घरांचे गाव मानावे, आणि साधारण वीस गावांचे एक तांबोन करावे, असे माप त्यात घालून दिले होते.

आम्फोच्या प्रमुखाला ‘नाय आम्फो’ म्हणतात. त्याची नेमणूक गृहमंत्रालय करते, तो बदलीवर येतो आणि बदलीवर जातो, आणि बहुधा तो त्या तालुक्यातला नसतो. मराठी वाचकाने त्याच्या जागी तहसीलदार कल्पिला तर फारशी चूक होणार नाही; फरक असा की जमिनीच्या नोंदी हे तहसीलदाराच्या कामाचे मूळ आहे, तर नाय आम्फोच्या कामाचे मूळ माणसांच्या नोंदीत आणि सुव्यवस्थेत आहे. ओळखपत्र, घरोघरच्या सदस्यांची नोंदवही, लग्न आणि घटस्फोट यांची नोंद, बंदुकीचे परवाने, तंटे मिटवणे, पूर किंवा वणव्याच्या वेळी मदतीची जुळवाजुळव ही त्याच्या कचेरीची रोजची कामे. शेती, पशुसंवर्धन, आरोग्य, समाजविकास या खात्यांचे तालुका अधिकारीही त्याच आवारात किंवा जवळपास बसतात, पण त्यांचा पगार आणि बढती त्यांच्या त्यांच्या खात्याच्या हातात असते. पोलीस ठाणे तर गृहमंत्रालयाच्या अखत्यारीतही येत नाही, कारण थाई पोलीस दल पंतप्रधानांना जबाबदार आहे. म्हणून नाय आम्फोच्या बैठकीला सगळे येतात आणि प्रत्येकाचा साहेब मात्र वेगळा असतो. तालुक्याचा प्रमुख म्हणून त्याचा मान मोठा आहे, हुकूम त्या मानाने मर्यादित.

त्याच्या हाताखालची खरी ताकद गावात आहे. गावाच्या प्रमुखाला ‘फूयायबान’ आणि तांबोनच्या प्रमुखाला ‘कामनान’ म्हणतात. फूयायबानला गावकरी मतदानाने निवडतात. हा प्रयोग प्रथम १८९२ मध्ये आयुथयाजवळच्या बांग पा-इन येथे झाला, म्हणजे राष्ट्रीय संसद अस्तित्वात येण्याच्या चाळीस वर्षे आधी. कामनान हा तांबोनमधल्या फूयायबानांपैकीच एक असतो आणि २००८ च्या दुरुस्तीपासून त्याची निवड तेच फूयायबान आपसांत करतात. या दोघांना सरपंच समजण्याचा मोह होतो, पण ती तुलना दिशाभूल करणारी आहे. आपल्याकडच्या पोलीस पाटलाला गावकऱ्यांनी मतदानाने निवडले, त्याला खाकी गणवेश आणि सरकारी मानधन दिले आणि गावातली सगळी सरकारी निरोपानिरोपी त्याच्यावर सोपवली, तर जे पद तयार होईल ते फूयायबानच्या पदाच्या बरेच जवळ जाईल. सरकारी योजनेची घोषणा तो ध्वनिक्षेपकावरून करतो, जन्ममृत्यूची वर्दी घेतो, भावकीतली भांडणे मिटवतो, आणि आम्फोच्या मासिक बैठकीत कामनानबरोबर हजेरी लावतो. लोकांनी निवडलेला असूनही तो जबाबदार असतो तो नाय आम्फोला. १९९२ मध्ये या पदांना पाच वर्षांची मुदत घालण्यात आली होती. २००८ च्या दुरुस्तीने ती काढली, आणि आता ठरावीक काळाने मूल्यमापन होत असले तरी निवडून आलेला माणूस वयाच्या साठाव्या वर्षापर्यंत पदावर राहू शकतो. मुदत परत आणायची की नाही, यावर थायलंडमध्ये अजूनही वाद होतात.

ही साखळी इतकी चिवट का राहिली, याचे एक उत्तर दान सायच्या डोंगरांत सापडते. तालुक्याच्या दक्षिणेला फू हिन रोंग क्ला ही डोंगररांग लोई, फित्सानुलोक आणि फेच्चाबून या तीन प्रांतांच्या सीमेवर पसरलेली आहे. १९६८ पासून सुमारे १९८२ पर्यंत तेथे थायलंडच्या कम्युनिस्ट पक्षाचा मोठा तळ होता. डोंगरावरच्या ह्मोंग समाजातले बरेच लोक त्यात सामील झाले होते, आणि १९७६ मध्ये बँकॉकमधील विद्यार्थ्यांवर झालेल्या हिंसाचारानंतर शहरी तरुणही जंगलात गेले. सरकारने अशा भागांत रस्ते काढले, गावरक्षक दले उभारली आणि गावागावातल्या फूयायबानकडे बातमीदाराचे व संरक्षणाचे काम सोपवले. केवळ बंदुकीने हा प्रश्न सुटला नाही. १९८० मध्ये पंतप्रधान प्रेम तिनसुलानोन यांच्या सरकारने ६६/२५२३ या क्रमांकाचा आदेश काढला (२५२३ हे बौद्ध गणनेतले वर्ष), शरण येणाऱ्यांना शिक्षेऐवजी पुनर्वसनाचे आश्वासन दिले, आणि त्यानंतर तळ ओस पडत गेले. १९८४ मध्ये फू हिन रोंग क्ला हे राष्ट्रीय उद्यान झाले. त्याच उद्यानातले फू लोम लो हे पठार दान सायच्या कोक साथोन तांबोनमध्ये येते आणि तेथील रानचेरीचा गुलाबी बहर पाहायला हिवाळ्यात गर्दी होते.

त्या बंडाची आठवण विझते न विझते तोच १९०७ चा तह पुन्हा जागा झाला. त्या तहात सरहद्द हुआंग नदीने ठरवली होती, पण डोंगरात वर या नदीला एकाहून अधिक फाटे आहेत, आणि तहातला फाटा कोणता यावर थायलंड आणि लाओस यांचे एकमत नव्हते. त्यातून डिसेंबर १९८७ पासून फित्सानुलोक प्रांतातील रोम क्लाओ गावाजवळ दोन्ही देशांच्या सैन्यांत तुंबळ लढाई झाली आणि १९ फेब्रुवारी १९८८ रोजी युद्धविराम झाला. जीव शेकड्यांनी गेले. सरहद्दीवरच्या तालुक्यात नाय आम्फोची कचेरी सुरक्षेच्या भाषेत का बोलते, याची कारणे अशी अलीकडची आहेत.

येथवर वर्णन केलेली सगळी साखळी वरून खाली येणारी आहे. तिच्या शेजारी दुसरी, निवडून आलेली साखळी उभी राहिली ती बरीच उशिरा. तिची सुरुवात स्वच्छतेपासून झाली: विसाव्या शतकाच्या आरंभी बँकॉकच्या नैर्ऋत्येला था चालोम या मासेमारीच्या गावी स्थानिक कराच्या पैशातून रस्ता आणि सफाई करण्याची व्यवस्था घालून देण्यात आली. १९३३ मध्ये ‘थेसाबान’, म्हणजे नगरपालिका, स्थापन करण्याचा कायदा झाला. खेड्यांपर्यंत खरी स्वायत्तता पोहोचली ती १९९४ च्या कायद्याने, ज्याने तांबोनपातळीवर निवडून आलेली प्रशासन संस्था निर्माण केली. तिच्या लांबलचक थाई नावाची आद्याक्षरे घेऊन लोक तिला ‘ओबोतो’ म्हणतात. १९९७ च्या राज्यघटनेने विकेंद्रीकरणाला घटनात्मक आधार दिला, १९९९ च्या कायद्याने कामे आणि पैसा खाली देण्याचा कार्यक्रम आखला, आणि २००३ पासून ओबोतोचा प्रमुख थेट मतदारांकडून निवडला जाऊ लागला. आज देशभर अशा सर्व प्रकारच्या मिळून सुमारे ७,८५० स्थानिक संस्था आहेत. दान साय गावाच्या बाजारपेठेचा भाग थेसाबानकडे आहे, आणि आसपासच्या खेड्यांचा कारभार बहुतांशी ओबोतो पाहतात.

याचा व्यवहारातला अर्थ असा की एकाच तांबोनमध्ये कामनानही असतो आणि ओबोतोचा निवडून आलेला प्रमुखही असतो. गावातला रस्ता, दिवे, कचरा, पाणी, बालवाडी, वृद्धांचा भत्ता वाटणे ही कामे ओबोतोची. वर्दी, ओळख पटवणे, तंटा, सुव्यवस्था ही कामनानची. कागदावर वाटणी स्पष्ट दिसते. प्रत्यक्षात पैसा एकाकडे आणि ओळखीपाळखी दुसऱ्याकडे, अशी स्थिती असल्याने दोघांचे जमले तर काम लवकर होते आणि बिनसले तर गाव दोन तटांत विभागले जाते. पैशाचेही पूर्ण स्वातंत्र्य नाही. १९९९ च्या कायद्याने शासकीय उत्पन्नाचा ३५ टक्के वाटा २००६ पर्यंत स्थानिक संस्थांना द्यावा असे लक्ष्य ठेवले होते. ते गाठता येईना, तेव्हा २००६ मध्ये किमान २५ टक्क्यांची अट घालून ३५ टक्क्यांचे लक्ष्य मुदतीशिवाय पुढे ढकलण्यात आले. डोंगरी तालुक्यातल्या ओबोतोचे स्वतःचे करउत्पन्न तुटपुंजे असते, त्यामुळे ती वरून येणाऱ्या अनुदानावर चालते, आणि तिच्या अंदाजपत्रकाला मंजुरी देण्याचा व कामावर देखरेख ठेवण्याचा अधिकार नाय आम्फोकडे आहे. लोकांनी निवडलेल्या संस्थेवर बँकॉकने नेमलेल्या अधिकाऱ्याचा पहारा, हे या रचनेचे सर्वांत दुखरे ठिकाण आहे असे मला वाटते.

आरोग्य हे क्षेत्र या ओढाताणीचे चांगले उदाहरण आहे. दान सायचे मोठे रुग्णालय हे १९७७ मध्ये युवराजांच्या नावाने दुर्गम भागांत उभारलेल्या रुग्णालयांपैकी एक असून ते आरोग्य मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. तांबोनपातळीवरची लहान आरोग्य केंद्रेही सर्वत्र याच मंत्रालयाची होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये देशभरातील तीन हजारांहून अधिक केंद्रे प्रांतपातळीच्या निवडून आलेल्या संस्थांकडे सोपवण्यात आली. गावोगावच्या आरोग्य स्वयंसेविकांना मात्र तीच घरे फिरायची असतात, साहेब कोणीही असो.

आता तिसरी सत्ता. दान सायमध्ये ‘चाओ फो कुआन’ नावाचे एक पद आहे. या पदावरच्या पुरुषाच्या अंगात गावाच्या संरक्षक आत्म्यांचा संचार होतो असे मानले जाते. त्याच्या जोडीला ‘चाओ मे नांग थियाम’ ही स्त्री असते. हे पद कोणत्याही कायद्यात नाही, त्याला निवडणूक नाही आणि गृहमंत्रालयाचा शिक्काही नाही. तरीही स्तूपाची वार्षिक पूजा त्याच्याशिवाय होत नाही, आणि बुन लुआंग या मोठ्या उत्सवाची तारीख तोच जाहीर करतो. फी ता खोन हा त्याच उत्सवाचा भाग. चिकट भात वाफवण्याच्या बांबूच्या टोपल्या आणि झावळीचे देठ यांपासून केलेले मुखवटे घालून तरुण नाचतात; पहिल्या दिवशी मान नदीतून उपगुप्त या रक्षक भिक्षूला पाचारण केले जाते, दुसऱ्या दिवशी मिरवणूक निघते आणि शेवटच्या दिवशी वेस्संतर जातकाचे, म्हणजे बुद्धाच्या एका पूर्वजन्माच्या कथेचे, तेरा अध्याय ऐकवले जातात.

उत्सव बहुधा जून किंवा जुलैमध्ये येतो, पण नेमका दिवस दरवर्षी बदलतो. पर्यटनाचे नियोजन करणाऱ्यांना तारीख जितकी लवकर कळेल तितकी हवी असते आणि ती चाओ फो कुआनच्या मुखातून यायची असते. ती आली की बाकीच्या दोन्ही साखळ्या हलू लागतात: थेसाबान मंच, दिवे आणि सफाईची तयारी करते, आम्फोची कचेरी पोलीस, स्वयंसेवक आणि वाहतूक यांची बैठक बोलावते, कामनान आणि फूयायबान आपापल्या गावचे गट मिरवणुकीसाठी उभे करतात. उत्सव पर्यटनासाठी किती आणि गावासाठी किती, यावर तेथे कुरबुरी असतात, आणि त्या रास्त आहेत.

२०२२ मध्ये ऐंशी हजारांवर नागरिकांच्या सह्यांनी एक घटनादुरुस्तीचा मसुदा संसदेत आला होता. स्थानिक संस्थांना अधिक अधिकार आणि पैसा द्यावा, आणि वरून नेमलेले प्रांतिक प्रशासन, ज्यात आम्फोही येतो, ठेवायचे की नाही यावर सार्वमत घ्यावे, असे त्यात म्हटले होते. कामनान आणि फूयायबान यांच्या संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला, आणि डिसेंबर २०२२ मध्ये संसदेने तो पहिल्याच वाचनात फेटाळला. राज्यपाल, म्हणजे प्रांताचा प्रमुख, थेट निवडून देण्याचा अधिकार आजही फक्त बँकॉकच्या मतदारांना आहे. लोईचा राज्यपाल आणि दान सायचा नाय आम्फो हे दोघेही गृहमंत्रालयाच्या नेमणूक आदेशानेच येतात.